काटकसरीतून आलेली चपळाई

मार्सेय, तुलूझ किंवा लियाँच्या संध्याकाळच्या गर्दीत आजही अधूनमधून एखादी प्यूजो २०५ दिसते. रंग उन्हाने विटलेला, काळे प्लॅस्टिकचे बंपर पांढुरके पडलेले, वय पस्तिशीच्या आसपास. शेजारून तिच्या जवळजवळ दीडपट वजनाच्या नव्या गाड्या जात असतात, तरी ती त्यांच्यात अडखळत नाही. सिग्नल सुटला की लगेच निघते, सर्कलला फारसा वेग न तोडता वळते, गतिरोधकावरून झुलत पुढे सरकते. पाहणाऱ्याला वाटतं, चालवणारा हौशी असणार किंवा बॉनेटखाली काहीतरी खास दडलेलं असणार. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. आत असतं ते सव्वा लिटरहूनही लहान, पन्नासेक अश्वशक्तीचं साधं पेट्रोल इंजिन, नाहीतर त्याहून संथ म्हणावं असं डिझेल; आणि चालवणारी व्यक्ती बाजारहाट करून घरी परतत असते. ही चपळाई वेगाच्या हौसेतून जन्मलेली नाही. कर, खराब रस्ते आणि महाग पेट्रोल अशा तीन अडचणींनी फ्रेंच कारखानदारांना अनेक दशकं हलकी गाडी बनवायला भाग पाडलं. त्या हलकेपणाचं फळ म्हणून चपळाई आली, आणि गाडी म्हातारी झाली तरी ती टिकली, कारण वजन वयाबरोबर वाढत नाही.

यातली पहिली अडचण कराची. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून गाडीची करासाठीची अश्वशक्ती सरकारी सूत्राने ठरवली जाई. इंजिनाची खरी ताकद किती, याच्याशी त्या आकड्याचा संबंध दूरचाच. सूत्राचा मुख्य आधार होता सिलिंडरांची घनक्षमता. सित्रोएनच्या गाडीच्या नावातले दोन घोडे आणि रेनोच्या नावातले चार हे असेच कराचे घोडे होते. १९५६ साली गी मोले यांच्या सरकारातले अर्थमंत्री पॉल रामादिए यांनी वृद्धांच्या मदतनिधीसाठी गाड्यांवर वार्षिक कर बसवला आणि काचेवर चिकटवायची त्याची पावती, म्हणजे व्हिन्येत, पुढची चार दशकं प्रत्येक फ्रेंच घराच्या हिशेबात येऊन बसली. कराचे टप्पे या घोड्यांवरून ठरत. मोठं इंजिन म्हणजे दरवर्षी जास्त पैसे, आणि वरच्या टप्प्यांत हा भार झपाट्याने चढत जाई. शिवाय जुन्या गाडीला कर कमी पडे, म्हणजे लहान गाडी घ्या आणि ती जपून वापरा, असं सरकारच दोन्ही बाजूंनी सुचवत होतं. खासगी मालकांसाठी हा कर २००० साली संपला. तोवर फ्रेंच अभियंत्यांच्या तीन पिढ्या एकाच प्रश्नावर काम करत राहिल्या होत्या: इंजिन मोठं करता येत नाही, मग चार माणसं आणि त्यांचं सामान घेऊन गाडी चढ चढेल कशी? इंजिनाला हात लावता येत नसेल तर उरतं फक्त वजन.

दुसरी अडचण रस्त्यांची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्समधल्या कामकरी लोकांपैकी साधारण एक तृतीयांश शेतीवर होते. उत्तरेकडे दगडी फरसबंदीचे रस्ते, मध्य भागात डोंगराळ वळणवाटा, सगळीकडे शेताकडे जाणारे कच्चे मार्ग. सित्रोएनचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे यांनी तीसच्या दशकातच आपल्या अभियंत्यांपुढे अट ठेवली होती: दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन गाडी ताशी ६० किलोमीटरने जावी, शंभर किलोमीटरला तीन लिटरच इंधन खावं, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत. युद्धामुळे लांबलेली ही ‘दोन घोड्यां’ची गाडी १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचं इंजिन ३७५ सीसीचं होतं आणि ताकद नऊ अश्वशक्ती. आज हे आकडे मोपेडचे वाटतील. पण अंड्यांच्या अटीतून जी गोष्ट निघाली तिचं महत्त्व फार मोठं आहे. मऊ स्प्रिंगा, चाकाला वरखाली हलायला भरपूर वाव, आणि त्यामुळे खड्डा असो वा उंचवटा, टायर जमिनीला धरून राहतो. वळणावर अशी गाडी एका अंगाला खूप कलते. बाहेरून पाहताना भीती वाटते. पण कलणं म्हणजे सुटणं नव्हे. त्यात भर पडली टायरची. तेव्हा सित्रोएन मिशलँच्या ताब्यात होती, आणि मिशलँने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस रेडियल टायर बाजारात आणला होता. अरुंद असूनही रस्ता घट्ट धरणारा हा टायर फ्रेंच गाड्यांना इतर देशांच्या बऱ्याच आधी मिळाला.

रेनोने हाच धडा गिरवला आणि त्यात मागचा दरवाजा जोडला. १९४५ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या या कंपनीचे प्रमुख पिएर ड्रेफ्यूस यांना अशी गाडी हवी होती की ती आठवडाभर शहरात आणि शेतात राबेल आणि ऑगस्टमध्ये कुटुंबाला समुद्रावर नेईल. गरिबीची खूण न वाटता कुणालाही शोभेल. १९६१ साली रेनो ४ आली. इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढची, त्यामुळे मागची जमीन सपाट, आणि छतापासून बंपरपर्यंत उघडणारं पाचवं दार. डिकी वेगळी नाही. मागची सीट काढली की गाडी मालवाहू झाली. जागा वाचवण्यासाठी मागच्या चाकांचे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे, एकामागे एक आडवे बसवले. परिणाम असा की एका बाजूच्या दोन चाकांमधलं अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर जास्त भरलं. कुणा कडक शिस्तीच्या कारखान्यात हा आराखडा पहिल्याच बैठकीत फेटाळला गेला असता. रेनोने तो तसाच ठेवला, कारण चालवताना फरक कळत नव्हता आणि आतली जागा मोकळी राहत होती. रेडिएटरचं पाणी बंदिस्त, ग्रीस भरायच्या जागा नाहीत. गॅरेजमध्ये नेण्याची कारणंच कमी केलेली. टपाल खात्याच्या पिवळ्या आणि पोलिसांच्या निळ्या रेनो ४ गावोगाव दिसू लागल्या आणि एकूण ऐंशी लाखांहून जास्त गाड्या बनल्या. १९७२ च्या रेनो ५ मध्ये हीच रचना मिशेल बुए या तरुण रेखनकाराच्या हातून देखणी झाली. त्याने गाडीचं पहिलं चित्र कुणी सांगितलेलं नसताना स्वतःच्या वेळात काढलं होतं. गाडी बाजारात आली त्याच वर्षी तो आजाराने गेला, आणि त्यानंतर दशकभर फ्रान्समधली सर्वांत खपाची गाडी त्याचीच राहिली, हे मला त्या कारखान्याच्या इतिहासातलं सर्वांत हळवं पान वाटतं.

तिसरी अडचण महाग पेट्रोलची, आणि ती १९७३ नंतर उग्र झाली. फ्रान्सकडे स्वतःचं तेल जवळजवळ नाही. तेलाचे भाव भडकल्यावर सरकारने महामार्गांवर वेगमर्यादा आणली, इंधनाची उधळपट्टी थांबवण्याच्या मोहिमा काढल्या, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कराच्या घोड्यांचं सूत्रही बदललं. आता त्यात गिअरचं गुणोत्तर धरलं जाऊ लागलं: वरचा गिअर लांब, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी, तर कराचे घोडेही कमी. पण लांब गिअरमध्ये लहान इंजिन चढावर दम टाकतं. त्यावर अभियंत्यांकडे पुन्हा तोच एक उपाय होता, वजन काढून टाकणं. फेब्रुवारी १९८३ मध्ये आलेली प्यूजो २०५ या सगळ्या तपश्चर्येचं पक्व फळ होती. कंपनी तेव्हा बुडायच्या बेतात होती. १९७८ मध्ये क्रायस्लरचा युरोपातला पसारा विकत घेऊन तिने डोक्यावर मोठा भार ओढवून घेतला होता. जेरार व्हेल्तेर यांच्या हाताखाली रेखलेली ही गाडी ३.७ मीटर लांब आणि सर्वांत साध्या रूपात सुमारे ७४० किलो वजनाची होती. मागच्या सस्पेन्शनमध्ये टॉर्शन बार आडवे आणि शॉक ॲब्सॉर्बर जवळजवळ निजलेले, त्यामुळे डिकीत त्यांचे उभे खांब घुसत नाहीत. चाकाला वरखाली हलायला वाव मात्र शेतकऱ्यांच्या गाडीच्या घराण्यातला. १९९८ पर्यंत बावन्न लाखांहून जास्त २०५ बनल्या आणि कंपनी वाचली.

आता गर्दीतल्या त्या चपळाईचा हिशेब मांडता येतो. पन्नास अश्वशक्तीची, साडेसातशे किलोची २०५ घेतली तर टनामागे सुमारे ६७ अश्वशक्ती पडते. तिचीच आजची वारसदार २०८ ही २०१९ साली आली तेव्हा सर्वांत लहान इंजिनात ७५ अश्वशक्तीची आणि एक टनाहून थोडी जड होती. म्हणजे टनामागे साधारण ७०. निव्वळ पिकअपच्या आकड्यात नवी गाडीच थोडी सरस. पण शहरातली वाहतूक ही शर्यत नसते. तिथे सतत ताशी तीसवरून पन्नासवर आणि पुन्हा तीसवर यावं लागतं, फटीतून निघावं लागतं, उंचवटे ओलांडावे लागतात. जुन्या गाडीचा ॲक्सिलरेटर तारेने थेट इंजिनाला जोडलेला असतो, मध्ये संगणकाचा विचारविनिमय नाही. पाय हलला की इंजिन हललं. तिची रुंदी १.५७ मीटर, आजच्या २०८ ची जवळजवळ १.७५, अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटिमीटर जास्त मिळणं म्हणजे थांबावं लागणं आणि निघून जाता येणं यांतला फरक. खिडक्या मोठ्या, खांब बारीक, त्यामुळे चालवणाऱ्याला चारही कोपरे दिसतात आणि तो धीटपणे घुसतो. गतिरोधकावर पातळ टायरची मोठी चाकं लावलेल्या नव्या गाडीला जवळजवळ थांबावं लागतं. जुनी गाडी मऊ स्प्रिंगांवर वेग थोडा कमी करून निघून जाते. यातली एकही गोष्ट गाडी वेगवान असावी म्हणून केलेली नाही. तार स्वस्त होती म्हणून, पत्रा कमी लागावा म्हणून, बटाटे आणि अंडी नेता यावीत म्हणून ती तशी झाली.

इथे एक आक्षेप हमखास येईल: हे फ्रान्सचंच वैशिष्ट्य कसं? लहान इंजिनांवर सवलत इटलीतही होती, आणि इंग्लंडच्या मिनीने १९५९ मध्येच आडवं इंजिन आणि पुढची ओढणारी चाकं तीन मीटरच्या गाडीत बसवून दाखवली होती. आक्षेपात तथ्य आहे, आणि एक गोष्ट सरळ मान्य करायला हवी. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रांगेत आडवे बसवण्याची जी रचना आज जगभर चालते ती इटलीत दांते जाकोझा यांनी साकारली. फ्रेंचांनी ती नंतर उचलली. पण रचना एक असली तरी गाडीचा स्वभाव चाकांच्या वर काय आहे यावर ठरतो. मिनी दहा इंची चाकांवर आणि रबरी शंकूंच्या स्प्रिंगांवर धावे. गुळगुळीत रस्त्यावर ती अप्रतिम वळे, खराब रस्त्यावर हाडं खिळखिळी करी. आक्षेपाची दुसरी बाजू जास्त धारदार आहे: सत्तरच्या दशकात सगळ्यांच्याच लहान गाड्या हलक्या होत्या, पहिली फोक्सवॅगन गोल्फसुद्धा आठशे किलोच्या आसपास भरे. खरं आहे. म्हणून निर्णायक पुरावा सत्तरचा नाही, १९८६ चा आहे. इतर देशांतल्या गाड्या प्रत्येक नव्या आवृत्तीत फुगत होत्या तेव्हा सित्रोएनने एएक्स काढली, सर्वांत साध्या रूपात सुमारे ६४० किलोची. मागचं दार प्लॅस्टिकच्या मिश्रणाचं, हवेचा अडथळा कमी, दाराच्या कप्प्यात दीड लिटरची पाण्याची बाटली मावेल एवढी जागा. ॲव्हरेजच्या बाबतीत तिच्या डिझेल आवृत्तीने तेव्हाच्या गाड्यांत नाव कमावलं. १९८६ मध्ये इतकं हलकं राहणं हा योगायोग नव्हता. कर आणि इंधनाच्या शाळेत शिकलेल्या लोकांनी जाणूनबुजून केलेली ती निवड होती.

दुसरा आक्षेप जीटीआयचा. लोकांच्या मनात फ्रेंच हॅचबॅकची प्रतिमा चपळ आहे ती १९८४ च्या २०५ जीटीआय या वेगवान आवृत्तीमुळे, आणि २०५ टर्बो १६ ने १९८५ व १९८६ सालची जागतिक रॅली अजिंक्यपदं जिंकली त्यामुळे, असं कुणी म्हणेल. साध्या गाडीला आपण त्या कीर्तीचा उजेड उधार देतो आहोत, असा त्याचा अर्थ. पण रॅलीची गाडी इंजिन मधोमध असलेलं, चारही चाकं ओढणारं वेगळंच यंत्र होतं. बाजारातल्या २०५ शी तिचं साम्य बाह्यरूपापुरतं. जीटीआयचं उदाहरण तर माझ्याच बाजूला येतं. तिचं पहिलं इंजिन १.६ लिटर आणि १०५ अश्वशक्तीचं, म्हणजे त्या काळातही अचाट नव्हे. ती प्रसिद्ध झाली कारण ते इंजिन साडेआठशे किलोच्या, शेतरस्त्यांसाठी घडलेल्या सांगाड्यात बसवलं होतं. मूळ सांगाडा जड असता तर १०५ घोडे गर्दीत हरवले असते. आणि फ्रेंच रस्त्यांवर ज्या लाखो गाड्या धावल्या त्या जीटीआय नव्हत्या. परिचारिका, शिक्षक, गवंडी, निवृत्त पोस्टमन यांनी घेतलेल्या एक लिटर, सव्वा लिटर आणि डिझेलच्या गाड्या त्या होत्या.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला माहीत असलेला: जे उरलं तेवढंच आपल्याला दिसतं. बावन्न लाखांपैकी बहुतेक २०५ भंगारात गेल्या. रस्त्यावर दिसतात त्या नशीबवान, जपलेल्या, दक्षिणेच्या कोरड्या हवेतल्या. सुरुवातीच्या रेनो ५ ना तर गंजाने खाऊन टाकलं. मग उरलेल्यांवरून सगळ्यांबद्दल कसं बोलायचं? टिकाऊपणाबद्दल हा आक्षेप मला मान्य आहे, चपळाईबद्दल नाही. चपळाई उरलेल्या गाड्यांचं वैशिष्ट्य नाही. नव्या असतानाही त्या तशाच होत्या. शिवाय गेलेल्या गाड्या सगळ्याच आपल्या मरणाने गेल्या नाहीत. १९९४ मध्ये एदुआर बालादूर यांच्या सरकारने दहा वर्षांहून जुनी गाडी मोडून नवी घेणाऱ्याला ५००० फ्रँक दिले, आणि पुढच्या वर्षी आलां ज्यूपे यांच्या सरकारने वयाची अट आठ वर्षांवर आणून ही योजना नव्या रूपात चालवली. कितीतरी चालत्या गाड्या या पैशांसाठी दाबून लोखंडाच्या विटा करण्यात आल्या. १९९२ पासून सक्तीची झालेली तांत्रिक तपासणीही होतीच. ज्या उरल्या त्यांच्या उरण्यामागे मात्र तीच काटकसर आहे. रेनोच्या क्लेओँ कारखान्यातलं १९६२ चं बिडाचं इंजिन रेनो ८ पासून ५ पर्यंत आणि नव्वदच्या दशकातल्या ट्विंगोपर्यंत चालू राहिलं. त्यातले सिलिंडरचे लाइनर काढून नवे बसवता येत, म्हणून इंजिनाचं काम निघालं तरी ब्लॉक फेकावा लागत नसे. एकच सुटा भाग तीन दशकं आणि पाच गाड्यांना चालला की गावातल्या मिस्त्रीच्या फळीवर तो कायम असतो. २०५ चा ठरलेला आजार म्हणजे मागच्या आडव्या नळीतली बेअरिंगं. पाणी शिरलं की ती झिजतात आणि मागची चाकं वरून आत कलू लागतात. पण तो आजार इतका सर्वज्ञात आहे की दुरुस्त केलेला अख्खा मागचा ॲक्सल बदली मिळतो.

टिकण्यासाठी यंत्र पुरेसं नाही, भोवतालही लागतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. उदारीकरणानंतर १९९४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि प्यूजो यांची भागीदारी झाली आणि कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनू लागली. ही गाडी मूळची टॅल्बो नावाने विकण्यासाठी आखलेली. १९८५ मध्ये ती प्यूजोच्या नावावर आली, आणि तिची बाजूची दारं २०५ चीच होती. आपल्याकडे ती आली तेव्हा युरोपात तिची जागा ३०६ ने घेतली होती, म्हणजे गाडी नवी नव्हती. तरी प्रीमियर पद्मिनीची सवय असलेल्या मुंबई-पुण्याच्या लोकांना तिची बैठक आणि खड्डे पचवण्याची ताकद आवडली. बटाटे आणि अंड्यांसाठी घडलेला तो सस्पेन्शनचा वारसा घाटातल्या पावसाळी रस्त्यांनाही लागू पडला. पण कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातल्या वादात कारखाना अडकला, काही वर्षांतच भागीदारी मोडली, प्यूजो परत गेली, आणि सुटे भाग मिळेनासे झाले. त्याच घराण्याचं दीड लिटरचं डिझेल इंजिन मात्र मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये बसून वर्षानुवर्षं चाललं, आणि त्याआधीपासून महिंद्राच्या गाड्यांत प्यूजोची मोठी डिझेल इंजिनं राबत होती. ज्या इंजिनाचे भाग तालुक्याच्या गावी मिळत ते टिकलं, आणि ज्या गाडीचे मिळत नव्हते ती झाकून ठेवली गेली किंवा भंगारात गेली. तुलूझमधली २०५ धावते आणि ठाण्यातली ३०९ धावत नाही, त्याचं कारण धातूत किंवा आराखड्यात शोधून सापडणार नाही.

सर्वांत जड आक्षेप शेवटी घेतो, कारण तो खोडून काढता येत नाही. हलकी गाडी म्हणजे पातळ गाडी. २०५ किंवा एएक्सच्या दारात धडक झेलणारं पोलाद नावापुरतं, बहुतेकींत एअरबॅग नाही. १९७२ मध्ये फ्रान्सच्या रस्त्यांवर सोळा हजारांहून जास्त माणसं मेली. आज तो आकडा साडेतीन हजारांच्या खाली आहे. सीटबेल्ट, वेगमर्यादा, दारूवरची कडक नजर आणि चांगले रस्ते यांचा त्यात मोठा वाटा आहे, पण गाड्या मजबूत झाल्या हाही आहे. १९९७ मध्ये युरो एनकॅपने अपघात-चाचण्यांचे निकाल जाहीर करायला सुरुवात केल्यावर पातळ गाडी विकणं अवघड झालं, आणि ते योग्यच झालं. धुराचंही तसंच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता आणि जुनी डिझेल इंजिनं काजळी ओकत. जुलै २०१६ पासून पॅरिसने १९९७ पूर्वीच्या गाड्यांना आठवड्याच्या कामाच्या दिवसांत दिवसा बंदी केली, तेव्हा शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांची बाजू घेणं चूक होतं असं मी म्हणू शकत नाही. एवढंच सांगतो की वाढलेल्या वजनातला प्रत्येक किलो सुरक्षेसाठी आलेला नाही. मोठी चाकं, सीट हलवणाऱ्या मोटारी, उंच बसण्याची हौस, रुंद टायर, आणि हे सगळं ओढण्यासाठी मोठी इंजिनं. मजबुतीच्या नावाखाली बरंच काही आत शिरलं. सुरक्षित आणि तरीही नऊशे किलोची गाडी बनवता येत नाही हे कुणी सिद्ध केलेलं नाही. तशी बनवायची सक्ती कुणी केली नाही, एवढंच सिद्ध झालं आहे.

२०२४ मध्ये रेनोने ५ हे नाव विजेच्या गाडीला देऊन परत आणलं. रूप बुएच्या चित्राची आठवण करून देणारं, गुणी गाडी, पण बॅटरीमुळे मोठ्या आवृत्तीचं वजन जवळजवळ दीड टन. मूळ रेनो ५ पाऊण टनाच्या आसपास होती. त्याच सुमाराला फ्रेंच सरकार पुन्हा करातून गाडीचा आकार घडवू पाहत आहे. २०२२ पासून नव्या गाडीच्या वजनावर दंड बसतो. आधी तो १८०० किलोंच्या वर लागे, २०२४ मध्ये १६०० च्या वर लागू लागला, आणि विजेच्या गाड्यांना त्यातून सवलत होती. जुन्या कराने घनक्षमता मोजली आणि हलकेपणा आडमार्गाने मिळवला. नवा कर थेट वजन मोजतो, म्हणजे हत्यार जास्त नेमकं आहे. पण २०२४ मध्ये त्याची रेघ इतकी वर होती की तिच्याखाली दोन २०५ एकावर एक ठेवल्या तरी शंभरेक किलो शिल्लक राहत. रामादिएंचा कर साध्या माणसाच्या गाडीलाही लागे, दरवर्षी लागे, आणि म्हणूनच कारखान्यातल्या आराखड्याच्या टेबलापर्यंत पोहोचला. आजचा दंड जड आणि महाग गाडीच्या खरेदीदाराला एकदाच लागतो, आणि तो भरून मोकळा होतो.